कोरड्या रस्त्याचे टायर

नीरजा आणि हिमांशू भांडत नव्हते, हीच खरी अडचण होती. भांडणाऱ्या घरात निदान आवाज तरी असतो. पडेगावच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये 'टँकर आला का', 'पोळ्या किती टाकू', 'गॅस संपत आलाय' एवढंच बोलणं उरलं होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्यांदाही मूल टिकलं नाही, तेव्हापासून हे असं झालं. कोणी कोणाला दोष दिला नाही. डॉक्टर बदलणं थांबलं, सासूबाईंचे उपास थांबले आणि त्यांच्यापाठोपाठ बाकीचंही बरंच काही थांबलं.

नीरजा एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायची. हिमांशू शेंद्र्याच्या कारखान्यात खरेदी विभागात होता. त्याला नाद एकच, गाडीचा. लग्नानंतर घेतलेली लाल हॅचबॅक तो अजून रविवारी स्वतः पुसायचा. पाणी नसलं तर कोरड्या फडक्यानं. आणि पाणी तर नसायचंच. पावसानं ओळीनं दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. जायकवाडीचा तळ दिसत होता, आणि शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. खिडकीतून बघावं तर दौलताबादच्या रस्त्याला रोज नवा स्लॅब पडलेला दिसायचा. त्या स्लॅबवर मारायला पाणी कुठून येतं, हे कोणी विचारत नव्हतं.

एका संध्याकाळी नीरजा पेपर तपासत बसली होती. हिमांशू बराच वेळ दारात घुटमळला आणि मग म्हणाला, "एक विचारू? ब्रेक फार गरम झाले की धरेनासे का होतात गं?"

तिनं मान वर केली. किती तरी दिवसांनी त्यानं तिला काहीतरी विचारलं होतं, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं नव्हतं.

"कुठं वाचलंस?"

त्यानं मोबाइल पुढं केला. करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत, एका खासगी कंपनीनं गाड्यांच्या चाचणीसाठी वळणावळणाचा बंदिस्त रस्ता बांधला होता. एखाद्या रविवारी तो हौशी लोकांना खुला करत. ट्रॅक डे म्हणत त्याला. आपली रोजचीच गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि जिथं समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी येत नाही, खड्डा नाही, अशा रस्त्यावर मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. शेजारी एकाला बसवता येत होतं.

"तू येशील?" त्यानं विचारलं आणि लगेच घाईनं जोडलं, "नसेल यायचं तर राहू दे."

नीरजानं पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. एका कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं एक चकती काढली, तिला दोन बाजूंनी चिमटीत धरणारे दोन ठोकळे काढले. म्हणाली, "हे तुझे ब्रेकपॅड. घर्षणानं ते तापतात. रोजच्या वापराचे पॅड थंड असतानाही लगेच धरतात, पण फार तापले की त्यांच्यातला डिंक जळायला लागतो आणि मग पाय कितीही दाब, गाडी थांबत नाही. शर्यतीच्या पॅडचं उलटं. ते तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत."

"म्हणजे आपल्यासारखेच," हिमांशू म्हणाला.

ती हसली. आपण हसलो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस त्या घरात जे बोलणं झालं, ते मागच्या दोन वर्षांत झालं नव्हतं. जेवताना पॅड, चहाला टायर. हिमांशू माहिती गोळा करून आणायचा, नीरजा ती तपासायची. कुठला पॅड किती तापमानापर्यंत टिकतो, कुठला चकती खातो, कुठला करकरतो. रस्त्यावर आणि ट्रॅकवर, दोन्हीकडं चालणारे मधले पॅड होते, पण ते वीसेक मिनिटांच्या सलग मारामारीला पुरतील का याची तिला शंका होती. "दोन्हीकडं चालणारं म्हणजे कुठंच धड न चालणारं," असं ती ठामपणे म्हणाली. मग अख्खे ट्रॅकचेच पॅड घ्यायचे ठरले.

टायरचाही प्रश्न होता. गाडीचे जुने टायर सात वर्षांत दगडासारखे कडक झाले होते. एक निवड होती चांगल्या, खोल खाचांच्या रस्त्याच्या टायरची. दुसरी, मऊ रबराचे जवळजवळ गुळगुळीत टायर, खाचा नावापुरत्या. कोरड्या डांबराला ते पालीसारखे चिकटतात, असं सगळे सांगत.

हे सगळं घेऊन दोघं मंदारकडं गेले. मंदार हिमांशूचा शाळेपासूनचा दोस्त. छावणीच्या पुढं त्याचं गॅरेज होतं, पाटीवर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात. त्यानं निवड ऐकली आणि हात पुसत डोकं हलवलं.

"वहिनी, ट्रॅकवर हे ठीक, पण तिथं जाईपर्यंत काय? हे पॅड थंड असताना धरत नाहीत. असं करा, रस्त्याचे पॅड ठेवा, हे डिकीत टाका. मी येतो सोबत, तिथं बदलून देतो. येताना परत जुने लावू. अर्ध्या तासाचं काम आहे."

हिमांशूनं नीरजाकडं बघितलं. त्याला काय वाटतं ते तिला कळलं. मंदार आला तर मागच्या सीटवर बसणार, वाटेत शाळा-कॉलेजच्या गोष्टी निघणार, आणि तो दिवस दोघांचा राहणार नाही.

"तासाभराचा तर रस्ता," ती म्हणाली. "सकाळी गर्दी नसते. सांभाळून नेऊ."

"बरं, टायर तरी खाचांचे घ्या. जरा ओलं लागलं तर हे गुळगुळीत टायर साबणासारखे सरकतील."

"ओलं?" नीरजानं वर बघितलं. पत्र्याच्या शेडच्या वर एप्रिलचं आभाळ पांढरंफटक तापलेलं होतं. "मंदार भाऊजी, आमच्या नळाला दहा दिवस पाणी नाही. पाऊस येणार कुठून?"

तिघंही हसले. मंदारनं खांदे उडवले आणि शनिवारी पॅड, टायर दोन्ही बसवून दिले.

रविवारी उजाडता उजाडता ते निघाले. नीरजानं धपाटे बांधून घेतले होते. मागच्या सीटवर दोन हेल्मेटं शेजारी शेजारी ठेवलेली, एखाद्या जोडप्यासारखी. शहर अजून आळस देत होतं. चिकलठाण्यापर्यंत एकदोन सिग्नल लागले, पुढं रस्ता मोकळा. शेंद्र्याला नव्या वसाहतीचे सहापदरी रस्ते, त्यांवर दिव्यांच्या रांगा, आणि त्या दिव्यांखाली एकही माणूस नाही. पलीकडं पिवळी रानं उघडी पडलेली. नीरजानं खिडकी खाली केली. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती. हिमांशू काहीतरी गुणगुणत होता.

करमाड मागं पडलं. जालना रोड सोडून गाडी आत वळली तेव्हा हिमांशू म्हणाला, "ब्रेक जड लागतोय गं. पाय पार रोवावा लागला."

"थंड आहेत अजून," नीरजा म्हणाली. "एवढं अंतर ब्रेक मारलाच नाहीस ना. ट्रॅकवर दोन चकरा झाल्या की बघ."

तो रस्ता एका वस्तीच्या कडेनं जात होता. वळण संपलं आणि समोर टँकर दिसला. रस्त्याच्या कडेला उभा, भोवती बाया, हंडे, प्लास्टिकच्या कॅनांची रांग. टँकरची तोटी गळत होती आणि पाणी रस्त्यावर आडवं पसरलं होतं. किती तरी महिन्यांची धूळ त्या पाण्यात कालवली जाऊन राखाडी रबडी झाली होती. एक बाई भरलेला हंडा घेऊन रस्ता ओलांडत होती.

हिमांशूनं ब्रेक वेळेवरच मारला. हे नीरजाला नंतर आयुष्यभर ठाऊक होतं. त्यानं उशीर केला नव्हता, तो मोबाइल बघत नव्हता, तो फार वेगातही नव्हता. त्यानं पाय पूर्ण दाबला आणि गाडी म्हणावी तशी हळू झालीच नाही. मग पुढची चाकं ओल्यावर आली आणि गाडी काही न झाल्यासारखी, आवाजसुद्धा न करता, सरकत पुढं गेली. बाईनं मान वळवून बघितलं. हंडा पडल्याचा आवाज आधी आला.

तिचं नाव सरिता. वस्तीतल्या अंगणवाडीची सेविका. नवरा वारल्यावर आई चंपाबाईकडं परत आलेली. हे सगळं नीरजाला पुढं कळलं. त्या क्षणी फक्त चिखलात पडलेली निळी साडी दिसत होती, आणि एक पाय, जो पायासारखा वळलेला नव्हता.

माणसं धावली. कोणीतरी हिमांशूची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं, दोन थोबाडीत बसल्या. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "मारामारी मागून करा रे मुडद्यांनो, आधी पोरीला उचला!" ती चंपाबाई. त्याच गाडीच्या मागच्या सीटवर सरिताला आडवं केलं. हेल्मेटं कोणीतरी रस्त्यावर भिरकावली. चंपाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, वस्तीतला एक माणूस पुढं बसला आणि नीरजा मागं, पाय ठेवायच्या जागेत, सरिताचा गुडघा दोन्ही हातांनी धरून.

हिमांशूनं गाडी शहराकडं पिटाळली. हॉर्न, ब्रेक, पुन्हा हॉर्न. चिकलठाण्याच्या गर्दीत तो दर पाच-दहा पावलांवर ब्रेक मारत होता, आणि आता ब्रेक धरत होते. तापले होते ना. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. खाली बसलेल्या नीरजाला प्रत्येक वेळी तो धक्का बसत होता. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण सरिता ओरडत होती.

दुपारी पोलीस आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदारानं विचारलं, "कसं झालं?"

हिमांशूचे ओठ सुजले होते. तो म्हणाला, "ब्रेक फेल झाले साहेब."

नीरजा शेजारीच उभी होती. हवालदारानं तिच्याकडं बघितलं. ती काही बोलली नाही.

रिक्षानं घरी येताना ती म्हणाली, "फेल नव्हते झाले."

"मग काय सांगू?" तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "मौजेसाठी चांगले ब्रेक काढून दुसरे लावले म्हणून सांगू? नोकरी जाईल. तुझंही नाव येईल."

'तुझंही' हा शब्द तो मुद्दाम बोलला नव्हता. पण तो शब्द रिक्षात बसला आणि त्यांच्याबरोबर जिना चढून घरात आला.

गाडीची तपासणी झाली. कंपनीचे नसलेले, बाहेरचे पॅड बसवलेले सापडले. कोणी बसवले, तर मंदारनं. एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, 'गॅरेजचालकाच्या हलगर्जीपणामुळे ब्रेक निकामी'. मंदारला दोनदा चौकीवर बोलावलं. तिथं त्यानं जे खरं ते सांगितलं, पण मालकच ब्रेक फेल म्हणतोय म्हटल्यावर मिस्त्रीचं कोण ऐकतो? गिऱ्हाईक तुटायला लागलं. ब्रेकचं काम कोणी त्याच्याकडं आणेना.

एकदा तो क्लासच्या फाटकाशी उभा राहिलेला नीरजाला दिसला. दाढी वाढलेली.

"हिमांशू फोन उचलत नाही," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही तर होता ना तिथं? मी काय म्हणालो होतो?"

"आठवतंय मला."

"मग बोला ना कुणाला तरी. मला नका सांगू, मला माहितीये."

मुलं बाहेर पडत होती. "बघते," ती म्हणाली. मंदार थोडा वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ते 'बघते' काय किमतीचं आहे, हे त्याला कळलं असावं. गाडीला किक मारून तो गेला.

जून कोरडाच सरला. जुलैत नीरजा एकटी, हिमांशूला न सांगता, जालन्याच्या बसनं करमाडला उतरली आणि जीपनं वस्तीवर गेली. घर शोधावं लागलं नाही. बुद्धविहाराच्या शेजारचं, निळ्या दाराचं. सरिता बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, एक पाय लांब केलेला. चंपाबाई तांदूळ निवडत होती. तिनं नीरजाला लगेच ओळखलं आणि मान खाली घातली.

"बसा," सरिता म्हणाली.

नीरजा खुर्चीच्या कडेवर बसली. फळं आणली होती, ती कुठं ठेवावीत हे तिला सुचेना.

"पाय कसा आहे?"

"दोनदा फाडला. आता गुडघा वाकत नाही, वाकणार बी नाही म्हणाले." सरिताचा आवाज सपाट होता. "अंगणवाडीत लेकरांबरोबर खाली बसावं लागतं. मला खाली बसताच येत नाही. त्यांनी दुसरी बाई घेतली."

चंपाबाई तांदळावरची नजर न हलवता म्हणाली, "बिरेक फेल झाला म्हणं तुमचा."

नीरजा म्हणाली, "नाही. फेल नव्हता झाला."

आणि तिनं सांगितलं. वर्गात सांगते तसं सांगायला गेली, पण शब्द मध्येच अडकत होते. ट्रॅक म्हणजे काय, रोजचे पॅड का काढले, दुसरे का बसवले, ते तापल्याशिवाय कसे धरत नाहीत. सरिता नीट ऐकत होती. शहाण्या विद्यार्थ्यानं ऐकावं तसं.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "थांबणारे ब्रेक काढले आणि न थांबणारे बसवले?"

"ते तापल्यावर थांबवतात."

"आणि ते कशासाठी?"

"गोल फिरायला," नीरजा म्हणाली. दुसरा शब्दच नव्हता. "टायर पण तसेच होते. कोरड्या रस्त्याचे. ते मी निवडले. मीच म्हणाले, पाऊस कुठून येणार."

चंपाबाईनं सूप खाली ठेवलं. "कोरडाच व्हता की बाई रस्ता," ती म्हणाली. "इथून जालन्यापोत्तर कोरडा व्हता. आमच्या दारापुढंच तेवढा वला व्हता. आठ दिसांनी आला व्हता टँकर."

नीरजाला रडू आलं. दोघी मायलेकींनी ते थांबेपर्यंत वाट बघितली. कोणी पाणी दिलं नाही. ते रागानं नव्हे, हेही तिला कळलं. कोपऱ्यात एकच हंडा होता.

"हे तिथं सांगशील का?" चंपाबाईनं विचारलं. "पोलिसात?"

"सांगेन."

"व्हय?"

"हो. सांगेन."

"नका शब्द देऊ," सरिता पहिल्यांदाच जरा जोरात बोलली. "जमणार असंल तर जाऊन सांगा. मला शब्द देऊन जाऊ नका. लई लोक इथं येऊन शब्द देऊन गेले."

त्या संध्याकाळी नीरजानं हिमांशूला सगळं सांगितलं. तो चिडेल, अशी तिची तयारी होती. चिडला असता तर सोपं गेलं असतं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खाली बसला.

"जा," तो म्हणाला. "सांग. मी अडवणार नाही." मग म्हणाला, "मला रोज काय आठवतं माहितीये? ती बाई नाही आठवत. देवाशपथ, आठवायला बघतो तर नाही आठवत. तू खिडकी खाली केली होतीस आणि तुझे केस उडत होते, तेवढंच येतं डोळ्यांपुढं. माणूस किती हलकट असतो बघ."

नीरजाला तेव्हा कळलं की तिलाही तेच आठवतं. त्या सकाळचं ते सुख खोटं नव्हतं, आणि ते आता कुठं ठेवायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. फेकता येत नव्हतं, घरात ठेवता येत नव्हतं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यानं धरला नाही, झटकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती चौकीवर गेली. साहेब बंदोबस्ताला गेले होते. बाकावर ती बराच वेळ बसली. एक शिपाई म्हणाला, "नवऱ्याच्या विरोधात जबाब द्यायचाय का मॅडम? नीट विचार करा. केस लांबंल, त्या बाईची भरपाईसुद्धा अडकंल." हे खरं की खोटं, तिला माहीत नव्हतं. खरं असेल, असं तिनं मानून घेतलं. उद्या येते म्हणून उठली. उद्या टेस्ट होती. परवा सासूबाई आल्या. मग गौरी-गणपती आले, आणि तिनं जायचं ठरवणंही सोडून दिलं.

मंदारनं दिवाळीपूर्वी गॅरेज बंद केलं. पाटी उतरवून घेतली. कोणी म्हणालं, पुण्याला एका शोरूममध्ये लागला, दुसऱ्यांच्या हाताखाली. लाल गाडी हिमांशूनं भंगारवाल्याला दिली. नवी घेतली नाही. कारखान्याच्या बसनं जातो, बसनं येतो. कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि कागदावर अपघाताचं कारण तेच राहिलं, जे पहिल्या दिवशी व्हरांड्यात सांगितलं होतं.

उन्हाळा पुन्हा आला तेव्हा नीरजा आणखी एकदा वस्तीवर गेली. काय बोलायचं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. निळ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई मेथी खुडत बसली होती.

"त्या नायत इथं," ती म्हणाली. "चंपाबाई गेली संक्रांतीच्या आधी. सरिताला भावानं नेलं, तिकडं नांदेडकडं. एकटीनं पाणी कसं भरणार व्हती? तुमी कोण?"

ऊन डोक्यावर आलं होतं.

"ओळखीची," ती म्हणाली.

"फोन येतो कधीमधी तिचा. काय निरोप असंल तर सांगा, सांगते."

नीरजानं विचार केला. खरंच केला. ओट्यावरची बाई मेथी खुडायची थांबून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"नाही," नीरजा म्हणाली. "निरोप काही नाही."

आणि जीप मिळते का बघायला ती रस्त्याकडं चालू लागली.